आज कुठलं

चहा उकळेस्तोवर खण उघडा असतो.
एकवीस घड्याळं, एकेका विटक्या मोज्यात,
आणि मी, त्सित्सिनो, पियानोंचे सूर लावणारी,
आधी प्रत्येकाला कानाशी धरते,
तोंड मग बघते.

हे पोबेदा, बारीक चणीचं, पळतं
शाळेला उशीर झालेल्या पोरासारखं.
ते जाडजूड, पाणबुड्यांसाठी घडवलेलं;
माझ्याकडे आल्यापासून त्यानं
भांड्यांच्या मोरीपेक्षा खोल पाणी पाहिलेलं नाही.
एकाच्या तबकडीवर चोवीस आकडे.
भर दुपारी बाराला त्याचा काटा सरळ खाली लोंबतो,
शेजारी डोकावणाऱ्याला वाटतं, सहा वाजले, निघावं घरी.
ते मी कंटाळा आलेल्या दिवशी घालते.

बहीण विचारते, हात एक, घड्याळं एवढी?
अगं, तोंडही एकच आहे, मग
तळघरात द्राक्षाच्या मद्याचे सात माठ कशाला पुरलेस?

सोमवारचा हात मंगळवारी राहत नाही.
सोमवारी संगीतशाळेत
कसर लागलेल्या हातोड्यांशी माझी झटापट,
तेव्हा पोलादी पट्टा,
मनगटावरचे दोन केस रोज जकात म्हणून उपटणारा.
बुधवारी गंधकाच्या हमामात जाते,
तेव्हा सगळ्यात स्वस्त, ज्याची काच आधीच धुरकट.
आणि नवं कातडं पहिल्यांदा बांधलं
की दिवसभर मनगटापाशी
एक लहानसं घोडं हुंगत बसल्यासारखं वाटतं.

कुणी चार मिनिटं पुढे, कुणी अकरा मागे.
मी कुणालाच जुळवत नाही.
दिवसभर लोकांच्या तारा पिळते,
घरात थोडं बेसूर असू दे.

एक मात्र गुरुवारचं.
सुक्या पुलावर, चादरीवर पसरलेल्या
चमच्यांत, पदकांत, फुटक्या कॅमेऱ्यांत
जुंबेरनं मला ते विकलं. त्याच्या बापाचं.
पाठीवर कोरलेलं: चौथ्या डेपोकडून, तीस वर्षांच्या...
पुढली अक्षरं घामानं खाल्लेली.
मी घासाघीस केली. खोटं कशाला बोलू,
पाच लारी पाडून घेतले.

तीन आठवड्यांनी तो दारात.
मागायला आलाय म्हणून मी
साखळी न काढताच बोलले.
त्यानं टोपी काढली. नको, घड्याळ तुमचंच,
फक्त एकदा चावी देऊ का?
बाबा द्यायचे पहाटे, तोंड धुवायच्या आधी,
मी पांघरुणातून मोजायचो.

मोजली त्यानं, ओठ हलवत.
एकोणिसाव्याला थांबला.
इथे अडल्यासारखं करतं, म्हणाला, जोर नाही करायचा,
जरा वाट बघायची, मग अजून तीन घेतं.
एवढा माझा कान, आणि मला हे कळलं नव्हतं.

तेव्हापासून गुरुवारी येतो.
चावी देतो, चहा अर्धा पितो, जातो.
गेल्या गुरुवारी मीच पट्टा त्याच्या हाताला बांधला.
नाही नाही करत
शेवटच्या भोकापर्यंत आवळून घेतला,
आणि उतरणीवरून गेला, अशा थंडीत
डावी बाही कोपरापर्यंत वर.

मी तशीच कामाला निघाले.
दुसरं घालायचं सुचलं नाही असं नाही,
घालावंसं वाटलं नाही.
मनगटावर फिकट पट्टा, उन्हानं कधी न पाहिलेला,
किती जणांनी मिळून राखलेला.
मेट्रोत एका बाईनं वेळ विचारली.
मी सवयीनं बाही सरकवली,
त्या उघड्या कातडीकडे नीट पाहिलं,
म्हटलं, सव्वानऊ.
बाई हुश्श करून टेकली,
पिशवीतून सफरचंद काढून चावू लागली.

वर आल्यावर स्टेशनचं घड्याळ पाहिलं.
दहाला पाच कमी.

संध्याकाळी जुंबेर आला, बगलेत
तंदूरची गरम लांब पाव, घड्याळ रुमालात.
चाललं ना नीट, मी विचारलं.
म्हणाला, मी बघितलंच नाही हो,
दिवसभर नुसता हात हलवत फिरलो.