हिरवी बाटली

जुलैत, वरच्या कुरणावर,
एल्दोसच्या पोटावर पहिला फोड दिसला
तेव्हा मी म्हटलं, डास चावला असेल.
इतक्या उंचीवर डास नसतात, हे मला माहीत होतं.

संध्याकाळी सात. रात्री मोजणं सोडलं.
लाल बुडाचे, पाण्याने भरलेले,
एक तर पापणीच्या कडेवर,
आणि कपाळावरचं ओलं फडकं
उलटवायच्या आत कोमट.

सासू म्हणाली, कांजिण्याच. येऊ देत बाहेर.
तिच्या पत्र्याच्या डब्यात बटणं, सुया
आणि पिवळ्या कागदात अ‍ॅस्पिरिन.
अर्धी मोडून तिने माझ्या हातावर ठेवली.
मी ती खिशात टाकली. दिली नाही.
का, ते आजही सांगता येत नाही.

फोनला रेंज फक्त फुटक्या दगडावर चढून,
तीही वारा पडला तर.
वारा पडला नाही.

पहाटे घोडी काढली. चार तास उतार.
दवाखाना म्हणजे दोन खोल्या, निळं दार,
दाराला कुलूप, कुलपाखाली चिठ्ठी:
बटाट्यात आहे. हाक मारा.

झुउरा, आमच्या खोऱ्याची फेल्डशर,
अर्धी डॉक्टर, दीड सुईण,
कोपरापर्यंत मातीत.
उठलीसुद्धा नाही आधी.
ताप किती दिवस? धाप लागते?
पाणी पितो? शू होते?
मी हो, नाही, हो, हो.
तंबूत आणखी कोण?
नवरा, सासू, माझी जाऊ आयचुरेक.
ती पोटुशी ना? कितवा?
पाचवा.
तेव्हा ती उठली.

मूल सुधारेल, हात धूत म्हणाली,
मला तिला बघायचंय.

वर आल्यावर तिने एल्दोसला
कोकरांच्या ताणकाट्याला टांगलं, झोळीत,
वजन बघून पॅरासिटामॉल मोजलं,
नखं कापली, इतकी की तो रडला,
आणि माझ्या खिशातली अर्धी गोळी
हात पुढे करून मागून घेतली.
मुलांना ही नाही. कांजिण्यांत तर मुळीच नाही.
चुलीत टाकली.
सासू बाहेर गेली, दूध घुसळत बसली, उगाच.

मग हिरवी बाटली, काडीला कापूस.
प्रत्येक फोडावर एक ठिपका.
याने बरं होतं? मी विचारलं.
नाही, ती म्हणाली. पण उद्या बिनठिपक्याचा दिसला
तर तो नवा, एवढं कळतं.
नवे थांबले, सगळ्यांवर खपली आली,
की सोड त्याला माणसांत.

आयचुरेक वाऱ्यात उभी होती, लांब.
लहानपणी आल्या होत्या तुला?
माहीत नाही.
आईला विचार.
आई नाही. वसतिगृहात वाढले.
झुउराने तिचे केस बाजूला केले,
उवा शोधाव्या तसे, बोटाच्या पेराने,
कानामागे एक खळगा सापडला,
मसुराएवढा.
माझा श्वास सुटला.
तिचा नाही. खळगा म्हणजे दाखला नव्हे, म्हणाली,
रक्त तपासू दे, आजच.
नारीनला दुधाचा ट्रक जातो त्यात बसवलं तिला,
आणि फुटक्या दगडावर चढून
वाऱ्याशी भांडत, चारदा तुटत,
इस्पितळाला सांगितलं: बाईला रांगेत बसवू नका,
मागच्या दाराने घ्या, तिथेही पोटुश्या असतील.

त्या दोन दिवसांत मी एल्दोसकडे कमी बघितलं.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
तो खाजवायचा नाही, झोपेतसुद्धा,
मुठी मिटून पडायचा,
आणि मी मात्र रस्त्याच्या धुळीवर डोळा ठेवून.

ट्रकवाला रिकामे कॅन उतरवत म्हणाला,
ती म्हणे पुढच्या फेरीला येते.
तिच्या रक्ताला ओळख आहे, असं सांगायला लावलं.
कसली ओळख, मला विचारू नका.
सासूने त्याला एवढं लोणी दिलं
की तो घाबरला.

बाटलीत तळाशी थोडं उरलं होतं.
खपल्या पडल्या त्या आठवड्यात
एल्दोसने ते कोकराला लावलं,
नाकापासून शेपटीपर्यंत, नीट, एकेक ठिपका.
शरदात बाजारात गिऱ्हाईक दूर सरकलं:
याला काय झालंय?
काही नाही, पोरगा म्हणाला.
जुने आहेत सगळे.