ल, आणि एक जागा सोडून

एल्रॉयनं शिकवलं हे,
फोर्टच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत,
कोळंबीच्या रश्श्याचा हात रुमालाला पुसत.
ब्राउझरमध्ये वर पत्ता टाकायची पट्टी असते ना,
तिथेच ‘ल’ दाबायचा, एक जागा सोडायची,
मग काय असेल ते वाक्य. एन्टर. गेलं.
पान उघडायला नको,
कुणाचं लडाख, कुणाचं केळवण बघायला नको.
‘आत जायचंच नाही मॅडम,
फटीतून चिठ्ठी सरकवायची नि जिना उतरायचा.’

मला जमलं ते. माझा स्वभावच तसला.

ल लिफ्ट बंद असल्याची पाटी लिफ्टच्या आत लावली आहे
ल बांगडा आज दोनशेला चार, तोही माझ्याकडे बघेना
ल शिवडीच्या चिखलात फ्लेमिंगो मोजले, एकशे अकरापर्यंत, मग दूध उतू गेलं

कुणी वाचलं, कोण हसलं,
दोन वर्षांत एकदाही बघायला गेले नाही.

बाबा बेस्टमध्ये मीटर रीडर होते.
खेतवाडी, चिराबाजार, जिन्याखालचा काळोख,
काखेत वही, कानावर पेन्सिल.
जेवताना सांगायचे, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा आकडा
महिनाभर हललाच नाही,
म्हणून दार वाजवलं. उगाच.
बाई चिपळूणला गेल्या होत्या.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
ते ब्लेड आणायला खाली उतरले
आणि दुपारी अडीचला शेजारच्या सुलभाताईंचा फोन,
अजून आले नाहीत गं.

मी पट्टीत लिहिलं,
वडील घराचा पत्ता विसरले तर कुठे जातात
आणि एन्टर दाबलं.
काहीच आलं नाही. पांढरं.
नेट गेलं असेल म्हणून पुन्हा तेच, पुन्हा एन्टर.
मग दिसलं, वाक्याच्या आधी
बोटांनी आपणहून ‘ल’ ठेवला होता,
दोन्ही वेळा, आणि जागाही सोडली होती, नीट.

तेव्हा पहिल्यांदा आत गेले.
बदामच बदाम.
कुणीतरी लिहिलेलं, वा, काय ओळ आहे, पूर्ण कविता टाका ना.
कुणी, चौकीत फोटो द्या.
कुणी नुसते जोडलेले हात.
आणि एक, ज्याच्या चेहऱ्याच्या जागी छत्री होती:
माझे कामावर जायचे. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी.
कामावर बघा.

टॅक्सीवाल्याला मी चिराबाजार म्हटलं
आणि पुढचं काही सांगता येईना.
तिसऱ्या की चौथ्या इमारतीत सापडले,
जिन्याखाली, गुडघ्यात वाकून.
मीटर आता नवे, लाल आकड्यांचे, जाळीच्या कुलपात.
ते मोठ्यानं वाचत होते
आणि गादीवाल्याचा पोरगा, बारा-तेरा वर्षांचा,
पुठ्ठ्यावर खरंच लिहून घेत होता.
‘कधीपासून आहेत?’ विचारलं तर म्हणाला,
‘तीन बिल्डिंगी झाल्या.’

बाबांनी वर पाहिलं, ओळखलंही.
‘कांदळगावकर. शिवडी. दुसरा मजला.
तुमचं बिल वेळेवर असतं हो बाई.’

पत्ता त्यांना पाठ होता.
फक्त तिथे ते स्वतः राहत नव्हते.

ती दोन वाक्यं मी त्याच रात्री काढून टाकली.
छत्रीवाल्याला काही कळवलं नाही.
काय कळवायचं, सापडले? ते अर्धंच खरं.
पुठ्ठा कपाटात आहे, त्यावरचे आकडे कुठल्याच घराचे नाहीत आता.

पण पट्टी विसरलेली नाही.
अजूनही ‘ल’ दाबून जागा सोडली
की पुढे करड्या अक्षरांत
ते अख्खं वाक्य येऊन उभं राहतं, आपणहून,
जणू मी तेच विचारायला आले आहे.
एल्रॉयला विचारायला हवं, हे पुसतात कसं.
विचारलेलं नाही.
बांगड्याचा ‘ब’ लिहिला की ते जातं.
फ्लेमिंगोच्या ‘फ’नंही जातं.

‘व’नं सुरू होणारं काही
मी हल्ली लिहीत नाही.