राखण

गणपतीला गावी निघताना किल्ली माझ्या हातावर ठेवून
वैजयंती हिर्लेकर म्हणाली,
आमच्या वाडीच्या वेशीवर राखणदार असतो,
त्याला विडा ठेवल्याशिवाय कुणी परगावी जात नाही.
इथे तुम्हीच.
मी म्हटलं, विडा नको, कवळी निघते.

अकरा दिवस.
विक्रोळी, कन्नमवार नगर, तिसरा मजला,
समोरासमोर दोन दारं, मधे चार पावलांचा पॅसेज.

मे महिन्यात खाली कांबळ्यांकडे भरदुपारी शिरले होते.
कुलूप शाबूत, कोयंडा उपटलेला.
गंठण नेलं, समई नेली,
आणि फ्रीजमधलं श्रीखंड संपवून
चमचा सिंकमधे ठेवून गेले.
कांबळेबाई गंठणापेक्षा त्या चमच्यासाठी जास्त रडल्या.

हवालदार धुमाळ जिन्यात पंचनामा करताना म्हणाले,
चोर कुलूप बघत नाही हो, दार वाचतो.
कडीत अडकलेली क्लासची जाहिरात वाचतो.
आंबलेली दुधाची पिशवी,
तीन दिवसांची शिळी रांगोळी,
सगळं वाचतो. शिकलेला असतो.

मी तीस वर्षं टेलिफोन खात्यात होते, अर्धी रात्रपाळीत.
घरात कुणी नसलं की घंटा वेगळी वाजते,
ते मला धुमाळांनी शिकवायला नको.

तर कामाला लागले.
साडेसातला त्यांच्या हॉलमधला दिवा,
दहाला तो बंद, आतल्या खोलीतला चालू.
त्यांच्या दोरीवर माझे टॉवेल, एक दिवसाआड बदलून.
कुकर त्यांच्या ओट्यावर, शिट्ट्या तीन.
आणि दाराबाहेर ह्यांचे बूट,
दहा नंबरचे,
जे तेराव्यालाही कुणाला देववले नव्हते.
एकाची नाडी मुद्दाम सोडून ठेवली,
माणूस आत्ताच आत गेल्यासारखी.

एकदा जिन्यात अनोळखी पावलं वाजली
तशी मी आतून ओरडले,
ईशान, टीव्ही बारीक कर!
टीव्ही बंदच होता. ईशान देवगडात.
कुरियरवाला मात्र दचकून दोन पायऱ्या चुकला.
बिचारा.

आठव्या रात्री त्यांचा दिवा घालवून पॅसेजमधे आले
आणि हात लागलेल्या सवयीने
दोन्ही दारं वाचली.

त्यांच्याकडे बूट, ओला टॉवेल, फोडणीचा वास.
माझ्याकडे
भिंतीला लावून ठेवलेल्या सरळ चपला, एक जोड.
पाव लिटरची पिशवी.
कडीत अडकलेली जाहिरात,
कधीची ते आठवेना.

मी चोर असते तर कुठलं घर फोडलं असतं,
हे विचारायला धुमाळांकडे जायची गरज नव्हती.

त्या रात्री आतून दोन्ही कड्या लावल्या.
मग उठून वरची काढली.
का, ते विचारू नका.

बाराव्या दिवशी पहाटे खोकी आली, माणसं आली,
कोकमांचा वास तिन्ही मजले चढला.
वैजयंतीनं घर पाहिलं, दोरीवरचे टॉवेल पाहिले,
आणि शेंडी न काढलेला एक नारळ माझ्या ओटीत घालत होती,
मग आठवलं असावं,
हातात दिला.
राखणदाराचा, म्हणाली.

मी ह्यांचे बूट उचलून परत कपाटाकडे निघाले होते,
तर माझ्या दारात वाट अडलेली.
त्यांच्या बाजूला खोकी म्हणून
ईशाननं सायकल माझ्या दाराला टेकवलेली.

खोकी त्याच संध्याकाळी आत गेली.
सायकल अजून तिथेच आहे.
रोज दूध घ्यायला बाहेर पडताना
पेडल गुडघ्याला लागतं,
रोज मी त्या पोराच्या नावानं शंख करते.

हलव, असं अजून म्हटलेलं नाही.