उत्तरेस नाली

एकतीस वर्षं मी लोकांच्या दारांवर खडूनं खुणा केल्या,
पोलिओचा डोस दिला की घर नंबर, तारीख, पोरं किती.
माझं दार भाड्याचं.
रिटायर झाले, फंडाचे पैसे आले,
आणि ढोकांच्या सुभाषनं घर दाखवलं,
दोन खोल्या, मागं न्हाणी, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं सीताफळ.
सात लाख चाळीस.

"वकील कायले पाह्यता ताई, आपला आहे ना.
दोन्हीकडचं तोच करते. तुमचा खर्च वाचते."
मी मान हलवली. नर्सची मान,
हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही,
समोरच्याला बोलू देते.

आर्वीला, तहसीलसमोर कडुनिंबाखाली गजू दस्तलेखक.
"नमुना आठ आना, आधार आना, दोन साक्षीदार आना,
बारा वाजेपर्यंत मोकळे."
त्याच्या कागदावर नावांच्या जागी टिंबं होती,
चतुःसीमेच्या जागी मात्र टिंबं नव्हती.
कोणाचं तरी आधीचं घर तिथंच राहून गेलं होतं,
पूर्वेस महादेव काकडेंचा गोठा.

काळमेघ वकिलांकडं कूलर, ओल्या खसाचा वास.
"माह्यावर सोडा," चारदा म्हणाले, मी मोजलं.
फाईल उघडली नाही.
नाडी न पाहता गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरकडं
मी कधी बाळंतीण पाठवली नाही.

खोब्रागडे वकीलीन पिठाच्या गिरणीच्या वर.
जिन्यावर पीठ, पिठात माझ्याआधी आलेल्यांची पावलं.
पोरगीच म्हणा, तिशीच्या आतली.
आधी फी कागदावर लिहून दिली,
स्टॅम्प वेगळा, नोंदणी वेगळी, तिची वेगळी.
मग वाचत बसली. पाऊण तास.
खाली गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं,
ती ओळीवर बोट दाबून धरायची.

"म्हाताऱ्याले पोरगी होती का?"
कोणत्या म्हाताऱ्याले?
"सुभाषच्या बापाले. इथं वारस एकच दिसते."
मी आठवलं. गोवरच्या सालात त्या घरी
दोन वेण्यांची एक पोरगी होती,
सुईला न घाबरणारी.
"मग इसार देऊ नका. आज तरी नाही."

तिला मी निवडलं ते या नाहीसाठी.

सुभाष पंधरा दिवस बोलला नाही.
बोलला तेव्हा म्हणाला, "लय शायनी वकील धरली तुमी.
बेबी तिकडं मुलताईले, तिले काय करायचं घराचं?"

बेबी आली, पिशवीत दोन पत्ताकोबी घेऊन.
वकिलीनबाईनं सुभाषला खाली पाठवलं, गिरणीत बसा म्हणाली.
"बाई, कोणाची जबरदस्ती?"
बेबी गप्प.
"चेक दोन फाडायचे की एक?"
बेबी पदराचं टोक मुडपत राहिली,
मग म्हणाली, "दोन. आता वाचून दाखवा."

पूर्वेस रस्ता. पश्चिमेस गावंडे यांचे घर.
उत्तरेस सार्वजनिक बोळ,
"बोळ नोहे."
काय?
"नाली आहे. बाबानं खणली, आपल्याच जागेत.
मी पडली होती तिच्यात, सहावीत."
कोपर वर केलं. वण अजून होता, नखाएवढा, पांढरा.
"वरतून फरशी टाकली म्हून तुमाले बोळ वाटते."

वकिलीनबाईनं पेनचं टोपण काढलं, बोळ खोडला.
"मोजून घेऊ," म्हणाली.
मोजलं. दोन फूट निघाले,
जे विकणाऱ्यालाही माहीत नव्हते.

निबंधकाच्या टेबलावर बेबीनं सही केली,
सावकाश, माहेरच्या नावानं,
आणि जीभ चावली. खोडू का?
"राहू द्या," वकिलीनबाई म्हणाली, "पुढं सासरचं जोडा."

जाताना एक पत्ताकोबी तिनं वकिलीनबाईला दिली,
एक मला.
दुसरी सुभाषसाठी आणली असावी.