मुका माज

आमची बिंदी हंबरत नाही.
गावरान गाय माजावर आली की
किणयेच्या वेशीपर्यंत कळायचं;
ही, अर्धी परदेशी, रात्री दोन वाजता
काचेसारखा सोट लोंबवते
आणि सकाळी साळसूद रवंथ करते.
म्हणून मी गोठ्यात बाज टाकली,
उशाला बॅटरी.
हे उद्यमबागेत, फौंड्रीच्या रातपाळीला,
मी इकडं.

कॅलेंडरवर लाल गोल:
नऊ जानेवारी, पहिली कांडी. उलटली.
एकतीस जानेवारी. उलटली.
बावीस फेब्रुवारी.
बसलिंग दरवेळी मोटारसायकलवरनं
नायट्रोजनचा डबा आणतो,
झाकण काढलं की पांढरा धूर जमिनीवर सांडतो.
कांडी कोमट पाण्यात धरून
घड्याळ बघत म्हणतो,
"अक्का, सकाळी दिसली तर संध्याकाळी,
संध्याकाळी दिसली तर सकाळी."
आणि रात्री दोनला दिसली तर?
ते त्याच्या डब्यात नव्हतं.

डेअरीच्या कार्डावर दूध आठावरनं चारावर आलं.
खनिजाची पुडी, मोड आलेली मटकी,
कुणी काय सांगेल ते.

पंधरा मार्चला दावं तुटलं.
पहाटे ती ओढ्याकाठी,
मष्णूच्या खिलार खोंडाशेजारी चरत होती,
जशी दोघं मिळून बाजाराला आलेली.
ते मी कुठं लिहिलं नाही.
गोल काढावा असं
त्यात आम्हा माणसांनी काही केलं नव्हतं.

जूनात बसलिंगचा हात खांद्यापर्यंत आत.
तो छपराकडं बघत राहिला,
लांबनं कुणी बोलतंय ते ऐकल्यासारखा.
"गब्ब ऐती."
मला ते गाभ असंच ऐकू आलं.
मग त्यानं बोटं मोजली.
"तीन महिने. फेब्रुवारीचं असतं तर
चार भरत आले असते. लेक्क चुकलं, अक्का."
मी शेणाकडं बघितलं.
हात धुता धुता तो हसायला लागला,
रजिस्टरात वळूचा नंबर लिहायच्या जागी
थोडा थांबला
आणि एक रेघ ओढली.

तीन कांड्यांचे पैसे, एवढी जागरणं;
आता कालवड झाली तरी वशिंड घेऊन येईल,
दूध बेताचंच.
राग यायला पाहिजे होता.
मी दोनशे ऐंशी दिवस मोजले,
शेवटच्या पानावर, वीस डिसेंबरला
गोल काढायला पेन टेकवलं
तर लाल शाई संपलेली.
निळ्यानं काढला.