तीस टक्के

वास्कोत, औषधाच्या दुकानावरच्या ऑफिसात
मी टाईप करते : तीस टक्के.
रोमाल्द कुलासो, बार्जवरचा खलाशी,
उजवी तीन बोटं विंचमध्ये.
अपंगत्व कायमचं,
सर्जननं मोजून दिलंय.

दुपारी पुन्हा तीस टक्के.
केंकरे बंधूंची भागीदारी, धाकट्याचा वाटा.
लोटलीकर वकील म्हणतात,
आकडा अक्षरातही लिही, खाडाखोड नको.

चारला रोमाल्द येतो.
डाव्या हातानं सही करतो, जीभ दातांत धरून;
त्यातला आर
बंदरातल्या रिकाम्या होडीसारखा कलतो.
जुन्या सहीशी जुळत नाही.

वकील चष्मा पुसतात :
वेगळं प्रतिज्ञापत्र लागेल,
की हा तोच माणूस आहे.

रोमाल्द माझ्याकडे बघतो.
"बाय, आणि तें कोणी सांगपाचें?"