वैतीबाईंचं एक्सचेंज

काळाचौकीला पिठाच्या गिरणीवर एक खोली आहे.
गुरुवारी साडेपाचला जिना चढताना
कठड्यावरचं पीठ हाताला लागतं.
मी फॉर्म घेऊन गेले होते, चौदा पानी.
लक्षणं. तीव्रता, शून्य ते दहा.

वैतीबाई म्हणाल्या, ते खाली ठेव, चहा घे,
आणि तू कुणाचं ऐकतेस ते सांग.

एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात.
कानाला हेडसेट, समोर भोकांचा फळा,
वायर खुपसून माणसाला माणूस जोडायचा.
ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग.
"साताऱ्याचं मयत, गिरगावातलं बारसं,
सगळं माझ्या कानावरून गेलं गं,
त्यातलं एकही माझं नव्हतं."
मग यंत्रं बदलली, फळा भंगारात गेला.
बाई घरी बसल्या
आणि तिसऱ्या रात्री
हेडसेट नसताना घंटी वाजली.

पुरुषाचा आवाज. नाव घेऊन शिव्या.
चार वर्षं गोळ्या घेतल्या. अजूनही घेतात.
"गोळीनं तो हळू बोलतो. गप्प नाही बसत."
पाचव्या वर्षी, एका दुपारी, बोंबील साफ करताना
तो सुरू झाला, आणि बाईंच्या तोंडून
निव्वळ सवयीनं निघालं,
नंबर प्लीज?

तो गडबडला.
इतक्या वर्षांत त्याला कुणी नंबर विचारला नव्हता.

आता सतरंजीवर नऊजण बसतात.
मध्ये ट्रंक बुकिंगची जुनी वही:
कोण बोललं, किती वाजता, किती मिनिटं,
आणि शेवटच्या रकान्यात, काय हवं होतं.
झुबेर हिऱ्यांना पैलू पाडायचा.
त्याच्याकडे एक लहान मुलगा बोलतो, भूक लागली म्हणतो.
मग तू काय केलंस?
मी जेवलो, झुबेर म्हणाला. सकाळपासून राहिलं होतं.
ललिता पेडामकरची मेलेली बहीण
मिक्सरच्या घरघरीतून यायची, दिवसातून वीसदा.
तिला आता संध्याकाळी सात ते सात-दहा दिलेत.
बाकी वेळी ललिता ओट्याशी उभी राहून
खणखणीत आवाजात सांगते:
या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत.
शेजारीण एकदा घाबरून पळाली.

महापालिकेच्या दवाखान्यातले डॉक्टर मिस्किटा
महिन्यातून एकदा येतात, दाराशी बसतात.
पहिल्यांदा म्हणाले होते, आवाजांना उत्तर द्यायचं नाही,
आम्ही तरी असंच शिकलोय.
आता वही मागून घेतात, चष्मा वर सरकवतात
आणि वहीतल्या मिनिटांवरून डोस ठरवतात.

सगळं असं जुळतंच असं नाही.
राजाध्यक्ष दोन गुरुवार आला,
भिंतीला टेकून, बूट न काढता.
तिसऱ्या गुरुवारी त्याच्याऐवजी बातमी आली.
वहीत त्याची ओळ आहे, रकाने कोरे.
पान उलटताना बाई तिथे बोट ठेवतात,
मग उचलतात. बोलत कुणी नाही.

मी आजारी नाही, मी म्हटलं,
पण तुम्ही विचारलंत म्हणून.
एक बाई आहे. आईसारखी.
कुठलंही दार ढकलायच्या आधी म्हणते,
तुझ्यानं काय होणारे.
हे काही खरं ऐकू येणं नव्हे, सगळ्यांनाच असतं ना असं?
वैतीबाईंनी वही माझ्याकडे सरकवली,
पेनाचं टोपण काढून दिलं.
नंबर विचारलास का कधी तिला?

तेवढ्यात खाली पट्टा सुटला, गिरणी थांबली.
एकदम इतकं शांत झालं
की सगळ्यांनी माना वर केल्या
आणि आपापल्या कानात डोकावून पाहिलं.
मीसुद्धा.

मग खालून कुणीतरी ओरडलं,
ज्वारी कुणाचीऽऽ?
आम्ही एकमेकांकडे पाहिलं. झुबेरनं हळूच विचारलं,
हे सगळ्यांना आलं ना?
आलं, आलं, म्हणत ललिता हसायला लागली,
आणि वैतीबाई पदर खोचत जिना उतरल्या.
ज्वारी त्यांचीच होती.